हिरव्या पिनेची दीडशे वर्षं

कॉम्प्युटरला हेडफोन कसा जोडायचा, या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. हिरवी पिन हिरव्या सॉकेटमध्ये घाला, माइक असेल तर गुलाबी पिन गुलाबीत. संपलं! एवढ्यासाठी अख्खा वीकांत कशाला घालवायचा, असं कुणीही विचारेल. पण इंजिनिअर माणसाला एक खोड असते. एखादी गोष्ट बिघडली तर तो ती उघडतोच, पण नीट चालत असली तरी 'का चालते?' म्हणून उघडून बघतो. ती हिरवी पिन अशीच सहज उघडायला घेतली, तर ती थेट १८७८ सालात निघाली. वाटेत आमचं नगरही लागलं.

(नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ मध्ये त्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. पण आमच्या घरी आधीही 'नगरला जाऊन येतो' म्हणायचे आणि आजही तेच म्हणतात, म्हणून इथे नुसतं नगर.)

हेडफोन म्हटलं की आपल्याला गाणी आठवतात. इतिहास मात्र वेगळा आहे. हेडफोन जन्माला आला तो कामासाठी. एका खोलीत वीस माणसं बसली आहेत, प्रत्येकाला वेगळं काहीतरी ऐकायचं आहे आणि शेजाऱ्याला त्याचा त्रास होता कामा नये, ही त्यामागची गरज. कॉम्प्युटर क्लासची गरज नेमकी हीच होती. पण आधी एक्स्चेंजकडे जाऊ.

टेलिफोनवाल्या बायका

जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात बोस्टनला एमा नट ही पहिली बाई ऑपरेटर म्हणून लागली. आपल्याकडे २८ जानेवारी १८८२ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे एक्स्चेंज सुरू झाली. म्हणजे आपण फार मागे नव्हतो!

या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरसमोर एक उभा बोर्ड आणि त्यात ओळीनं सॉकेटं असत. एक सॉकेट म्हणजे एक गिऱ्हाईक. कुणी फोन उचलला की त्याच्या सॉकेटपाशी खूण व्हायची. ऑपरेटर वायरीच्या एका टोकाची पिन तिथे खुपसून 'नंबर?' विचारायची आणि दुसऱ्या टोकाची पिन हव्या त्या नंबरात घालायची. पलीकडचा नंबर बिझी आहे का, हे ती डोळ्यांनी नाही, कानानं ओळखायची. पिनेचं टोक सॉकेटच्या कडेला नुसतं टेकवायचं. कानात 'टक्' झालं की समजायचं, तिथे आधीच बोलणं चालू आहे.

त्या पिनेचा व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. गिटारला आणि स्टुडिओत आजही तीच लागते. तिचं टोक म्हणजे टिप, त्यामागचं कडं म्हणजे रिंग आणि दांडा म्हणजे स्लीव्ह. या तीन भागांची नावं एक्स्चेंजच्या काळापासूनची. आपल्या ३.५ मिमीच्या हेडफोन पिनेवर ज्या काळ्या रेघा दिसतात, त्या याच तीन भागांना वेगळं करतात. टिपमधून डाव्या कानाचा आवाज, रिंगमधून उजव्याचा, आणि स्लीव्ह दोघांची मिळून परतीची वाट. 'जॅक' हे नावही तिथलंच. सुरुवातीच्या एका स्विचबोर्डातला स्विच मिटणाऱ्या चाकूसारखा, म्हणजे जॅकनाइफसारखा दिसायचा, त्यावरून सॉकेटला जॅक नाव पडलं. आपण मात्र पिनेलाही जॅक म्हणतो आणि सॉकेटलाही :-)

जुन्या पिढीला हे सगळं ट्रंक कॉलमुळे माहीत असतं. कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर, जितकी घाई तितके पैसे. देशातली पहिली एसटीडी लाइन १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली, पण तालुक्याच्या गावांना बरीच वर्षं ऑपरेटरच्या पिनेचाच आधार होता. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि १९८६ मध्ये त्यांचं गावासाठी बनवलेलं पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज कर्नाटकात कित्तूरला बसलं. नंतर पिना खुपसणारे हात हळूहळू संपले. पिना मात्र टिकल्या.

कान झाकायची टोपी

ऑपरेटरला दोन्ही हात मोकळे लागायचे, म्हणून ऐकायचं यंत्र अंगावर बांधायची कल्पना निघाली. सुरुवातीची यंत्रं तर खांद्यावर पेलावी लागत. १९१० च्या सुमारास यूटाच्या नॅथॅनिएल बाल्डविननं आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवला आणि अमेरिकन नौदलाला पाठवला. नौदलाला तो इतका आवडला की त्यांनी शंभर मागवले. हा म्हणाला, एका वेळी दहाच मिळतील, कारण कारखाना म्हणजे स्वयंपाकघरच आहे!

म्हणजे पहिल्यांदा टेलिफोन, मग जहाजावरचे वायरलेस ऑपरेटर, मग सैन्य. नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. १९४८ पासून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगरला आहे आणि रणगाडा म्युझियमला आमच्यातला प्रत्येक जण शाळेच्या सहलीत गेलेला असतो. तिथे गेलात तर एका रणगाड्यासमोर उभं राहून विचार करा. आतली माणसं हाताच्या अंतरावर बसलेली असतात, पण इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येणं अवघड. शेजारच्याशी बोलायलाही कानावर हेडसेट हवा.

स्टिरिओ गाणी ऐकण्यासाठी म्हणून हेडफोन आला तो १९५८ मध्ये, मिलवॉकीच्या जॉन कॉसचा. आणि तो खिशात आणला सोनीच्या वॉकमननं, १ जुलै १९७९ ला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन सॉकेटं होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावं! एकट्यानं ऐकणं हे तेव्हा कंपनीलाही जरा माणूसघाणेपणाचं वाटलं असावं. लोकांनी काय केलं ते आपल्याला माहीतच आहे.

कॉम्प्युटरला कंठ कधी फुटला

१९८१ च्या आयबीएम पीसीला आतला एक छोटा स्पीकर सोडला तर आवाज नव्हता. बीप करणं एवढंच त्याचं गाणं. हेडफोनसाठी सॉकेट नाही, कारण ऐकण्यासारखंच काही नाही. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर कार्ड आणलं आणि डब्याच्या पाठीमागे पहिल्यांदा ती गोल सॉकेटं मोठ्या संख्येनं दिसायला लागली. सगळी एकसारखी. कुठलं कशाचं, ते पत्र्यावर कोरलेल्या बारीक चित्रावरून ओळखायचं, तेही टेबलाखाली वाकून, अंधारात.

मग सीडी-रॉम ड्राइव्ह आले. आठवतात ना? त्यांच्या तोंडावरच हेडफोनचं सॉकेट आणि आवाजाची चकती असायची. लोक हौसेनं तिथे हेडफोन लावायचे. गाण्यांची सीडी असेल तर मस्त वाजायची, पण एमपी३ लावलं किंवा गेम सुरू केला की शांतता! कारण असं, की गाण्याच्या सीडीतला आवाज ड्राइव्ह स्वतःच तयार करून बाहेर द्यायचा. एमपी३ ही त्याच्या लेखी नुसती फाइल. ती वाचून कॉम्प्युटरकडे दिली की त्याचं काम संपलं. पुढचा आवाज साउंड कार्डातून यायचा, म्हणजे मागून.

रंगांचं श्रेय मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून काढलेल्या पीसी ९९ या नियमावलीला. पीसीच्या मागच्या प्रत्येक सॉकेटला तिनं रंग नेमून दिला. स्पीकर आणि हेडफोनला पोपटी, माइकला गुलाबी, बाहेरून आवाज आत घ्यायला आकाशी. कीबोर्ड जांभळा. माउसही हिरवाच, पण ते सॉकेट वेगळं असल्यामुळे घोळ व्हायचा नाही. माझ्या मते पीसीच्या इतिहासातला हा फार मोठा आणि फार दुर्लक्षित शोध आहे. इंग्रजी वाचता न येणारा माणूसही मशीन जोडू शकला. रंगाला भाषा लागत नाही.

तालुक्याचा क्लास

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि त्यांचा एमएस-सीआयटी कोर्स बघता बघता तालुक्या-तालुक्यात पोचला. आमच्या जिल्ह्यात चौदा तालुके. क्षेत्रफळानं राज्यात हा सगळ्यात मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातून जामखेडला निघालात तर दिवस मोडतो. एवढ्या पसाऱ्यात अनेकांनी पहिला कॉम्प्युटर बघितला तो अशाच एखाद्या क्लासमध्ये.

कॉलेजच्या सुट्टीत मी एका तालुक्याच्या गावी अशाच क्लासमध्ये मशीनं बघायचं काम केलं. खाली कृषी सेवा केंद्र, वर क्लास. त्यामुळे पहिला धडा 'माउस कसा धरावा' हा असला तरी पहिला वास खताचा असायचा. बॅचमध्ये दहावीची पोरं, नुकतं लग्न झालेल्या मुली, एखादा पतसंस्थेतला क्लार्क आणि झेडपीचे शिक्षक. सरकारी नोकरांना हा कोर्स पास होणं बंधनकारक होतं, नाहीतर इन्क्रिमेंट अडायचं. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस आता स्वतः विद्यार्थी, आणि शेजारच्या खुर्चीवर त्याच्याच शाळेतून शिकून गेलेला पोरगा. विचार करा.

फळ्यावर शिकवताना गाडी एकाच वेगानं जाते. ज्याला कळलं नाही, त्यानं हात वर करायचा. आणि तेच अवघड. पन्नाशीकडे झुकलेला माणूस वीस जणांसमोर 'कळलं नाही' म्हणत नाही. तो मान डोलावतो.

पण धडा कॉम्प्युटरवरच, आवाजासकट, मराठीतून मिळायला लागला आणि प्रत्येकाच्या कानावर हेडफोन आला, तेव्हा खोलीचं गणित बदललं. पंधरा मशीनं, पंधरा वेगळे धडे, पंधरा वेग. तेही स्पीकर लावून चाललं नसतं, नुसता बाजार भरला असता. एक गुरुजी मला आठवतात. त्यांनी मला बोलावून हळूच विचारलं, "सर, हे जरा मागं घेता येतं का?" (मी एकोणीस वर्षांचा. तरी ते मला सरच म्हणायचे. क्लासमध्ये जो शिकवतो तो सर, हा त्यांचा नियम होता.) मी त्यांना मागे कसं न्यायचं ते दाखवलं. मग त्यांनी फाइल सेव्ह करायचा धडा त्या दिवशी किती वेळा ऐकला, ते मी मोजलं नाही. कुणीच मोजलं नाही. खरी गंमत हीच की कुणाला कळलंच नाही.

पुढचं सॉकेट का वाजत नाही

आता जरा आमच्या धंद्यातली गोष्ट. क्लासमध्ये सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "आवाज येत नाही". त्या काळी डब्याच्या पुढेही हेडफोनचं सॉकेट यायला लागलं होतं, त्यामुळे वाकायचं काम वाचलं. पण नवीनच भानगड सुरू झाली. पुढचं चालू तर मागचं बंद, मागचं चालू तर पुढचं बंद, कधी दोन्ही बंद.

याचं मूळ इंटेलच्या १९९७ च्या एसी ९७ पद्धतीत आहे. तिच्यात आवाज मदरबोर्डवरून निघून आधी पुढच्या सॉकेटला जायचा आणि तिथून परत येऊन मागच्या सॉकेटला पोचायचा. पुढच्या सॉकेटमध्ये धातूची एक लवचीक पट्टी असे. पिन आत गेली की ती पट्टी बाजूला सरून परतीची वाट तुटायची आणि मागचे स्पीकर आपोआप बंद व्हायचे. त्यात एकही ओळ सॉफ्टवेअर नाही! आणि पुढचं सॉकेट जोडलेलंच नसेल, तर मदरबोर्डवर पाच-सहा आणि नऊ-दहा या पिनांवर दोन छोटे जंपर घालून ती वाट बंद करावी लागायची. ते जंपर हरवले की मागचा आवाजही गेला. मशीन असेंबल करणारे पुष्कळदा ते काढून खिशात टाकत. कित्येक 'बिघडलेली' साउंड कार्डं मी दोन जंपर घालून बरी केली आहेत.

ही सरकणारी पट्टी मला फार आवडते, कारण तीसुद्धा एक्स्चेंजमधूनच आली आहे. ऑपरेटरनं पिन घातली की गिऱ्हाइकाची खूण दाखवणारं सर्किट तिथल्या पट्टीनं असंच तोडलं जायचं. शंभरेक वर्षांनी तीच युक्ती आमच्या कृषी सेवा केंद्राच्या माडीवर काम करत होती.

२००४ मध्ये इंटेलनं एचडी ऑडिओ आणलं. तेव्हापासून पट्टी वाट तोडत नाही, 'पिन आली' एवढी बातमी देते. पुढचं सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून पिन घातल्यावर स्क्रीनवर 'काय जोडलंत?' अशी चौकट येते. जुन्या डब्याची एसी ९७ वायर नव्या बोर्डाला लावली, तर ती बातमीच पोचत नाही आणि पुढून आवाज येत नाही. उपाय म्हणजे साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढच्या सॉकेटची ओळख पटवणं बंद करायचं.

दुसरी तक्रार झिणझिण्यांची. पिन हातात धरून डब्याला टेकवली की बोटांना मुंग्या यायच्या. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थिंगपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंत. अर्थिंग धड नसेल तर डब्याचा पत्रा २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर लटकत राहतो. करंट अगदी कमी, पण जाणवतो. हेडफोनच्या पिनेचा दांडा त्याच पत्र्याला जोडलेला असतो. आता नगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक पडली की मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डाही कामातून जातो. उपाय, खड्ड्यात पाणी ओतणे. गावात प्यायला टँकर चालू असताना मालकाला "अर्थिंगला बादलीभर पाणी घालू का?" असं विचारणं किती अवघड असतं, ते मी इथे लिहीत नाही :-)

पॉजचं बटण

असो. मुद्दा असा, की एक्स्चेंजमधली बाई आणि आमचे गुरुजी, दोघांच्याही कानावर तीच वस्तू होती. दोघंही गजबजलेल्या खोलीत आपापलं वेगळं ऐकत होते. पण बाईला समोरच्याचा आवाज थांबवता यायचा नाही. कॉल आला की घ्यायचाच. आज पुण्यात कॉल सेंटरमध्ये बसणाऱ्या आपल्या मित्रांचंही तेच आहे. हेडसेट हलका झाला, खुर्ची चाकांची झाली, पण पुढचा कॉल कधी घ्यायचा हे ते ठरवत नाहीत. गुरुजींना पॉज होता. धडा त्यांच्यासाठी थांबायचा आणि हवा तितक्या वेळा मागे यायचा.

तंत्रज्ञानानं माणूस मोकळा होतो की बांधला जातो, यावर लोक फार मोठमोठं बोलतात. मला ते एवढंच दिसतं. वायर तीच, पिन तीच. पॉजचं बटण कुणाच्या हातात आहे ते बघायचं. आपण सॉफ्टवेअर लिहिणारे लोक रोज कुणाच्या ना कुणाच्या स्क्रीनवर ते बटण ठेवत असतो किंवा काढून घेत असतो. ट्रेनिंगचा व्हिडिओ पुढे ढकलता येऊ नये, मागे नेता येऊ नये अशी मागणी क्लायंटकडून आली, की मला तो मागे नेऊन पुन्हा ऐकणारा माणूस आठवतो आणि मी निदान मागे न्यायचं बटण तरी ठेवा म्हणून भांडतो. कधी जिंकतो, कधी नाही.

आता थोडं कामाचं, म्हणजे लेख वाचून निदान हेडफोन तरी जोडता यावा. मोबाइलच्या हेडफोनला एकच पिन असते आणि तिच्यावर तीन रेघा, म्हणजे चार भाग. चौथा भाग माइकचा. ती डेस्कटॉपच्या हिरव्या सॉकेटमध्ये घातली तर सहसा ऐकू येतं, पण तुमचं बोलणं पलीकडे जात नाही, कारण त्या सॉकेटला माइक माहीतच नाही. त्यासाठी एका पिनेच्या हिरवी-गुलाबी अशा दोन पिना करणारा स्प्लिटर मिळतो, तो घ्या. यूएसबी हेडसेट असेल तर त्याच्यातच छोटं साउंड कार्ड असतं, त्यामुळे कॉम्प्युटरला 'आवाज कुठून काढायचा' ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. आणि आवाज येत नसेल तर फॉरमॅट मारायच्या आधी पिन पूर्ण आत गेली आहे का, ते बघा. शेवटचा 'कट' ऐकू आला पाहिजे.

२०१६ मध्ये आयफोनमधून ३.५ मिमीचं सॉकेट गेलं आणि बाकीचे फोनही एकेक करून त्या वाटेनं गेले. ब्लूटूथमध्ये पिन नाही, पट्टी नाही, रंगही नाही. डेस्कटॉपच्या पाठीमागे मात्र ते पोपटी वर्तुळ अजून दिसतं. पुढच्या वेळी टेबलाखाली वाकाल तेव्हा त्याच्याकडे नीट बघा, आणि पिन न बघता, नुसत्या बोटांनी घालून बघा. जमतं. ते सॉकेट मुळात तसंच वापरायला बनवलेलं आहे, कारण ज्या बाईसाठी ते बनलं, तिला प्रत्येक पिनेकडे बघायला वेळ नव्हता.